आधी दार, मग हँडल

३ जानेवारी

दादा,

रात्रभर बंद असलेलं इंजिन सकाळी हाताला कोमट लागू शकतं का?

मला याचं उत्तर देता येत नाही. घरातली पहिली पदवीधर, तीही भौतिकशास्त्राची, आणि तरीही येत नाही. तू डेपोत रोज इंजिनांमध्ये हात घालतोस, म्हणून तुला विचारते आहे. तेवढ्यासाठीच लिहिते आहे असं समज. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून त्यात दुसरं काही शोधू नकोस.

पत्ता आपल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रींनी दिला. देताना म्हणाले, "लिही लिही, तुझ्या अक्षराला तरी उत्तर देईल. माझ्या फोनला तर 'बरं आहे' एवढंच म्हणतो, जसं काही शब्दाशब्दाला डिझेल जळतं."

जूनपासून मी आपल्याच शाळेत शिकवते. वरच्या वस्तीवरची अकरा मुलं रोज एवढं अंतर चालत येतात, आणि यंदा थंडी अशी आहे की बादलीतलं पाणी सकाळी फोडून घ्यावं लागतं. डिसेंबरात त्यातली तीन यायची बंद झाली. मी घरी गेले तर एक आजी म्हणाली, "शाळा कुठे पळून जातेय का? उन्हाळ्यात शिकतील." मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी शेडसमोरून जाताना वाटलं, बाबांचा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, मग मुलं पायी का येतात?

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला काय करायचं ते कर. मी शेडकडे बघणार नाही." ती खरंच बघत नाही. अंगणातून जाताना पदर त्या बाजूने ओढून घेते.

मिस्त्रींनी दोन दिवस खपून इंजिन जागं केलं. सुरू करायची पद्धत बाबांचीच ठेवली आहे. संध्याकाळी रेडिएटरची तोटी उघडून सगळं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर गोठून इंजिन तडकतं. सकाळी पाणी उकळून ओतायचं. डिझेलात भिजवलेला चिंधीचा बोळा तारेला बांधून पेटवायचा आणि हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाशी धरायचा. दाब सोडायचा खटका वर, हँडल जोरात फिरवायचं, वेग आला की खटका खाली. पहिल्या दिवशी मी सदतीस वेळा हँडल मारलं. मिस्त्री खटक्याजवळ उभे राहून म्हणत होते, "बाई, हे इंजिन आहे, रुसलेला जावई नाही. गोड बोलून उठायचं नाही. खांद्यातून जोर काढा." अडतिसाव्याला उठलं. पांढरा धूर, आणि मग ती खडखड. तुला आठवतेच.

हे झालं एक तारखेला. काल आणि आज मी एकटीच गेले. काल हात लावला तर लोखंड जितकं थंड असावं तितकं नव्हतं. आज कोमट होतं. पाणी घालायच्या आधी. बोळा पेटवायच्या आधी. मडगार्डवर दव गोठून पांढरं झालं होतं आणि त्याच्या शेजारी इंजिन कोमट होतं, गुरांच्या पाठीसारखं.

असं कशामुळे होतं ते कळव.

तुझी बहीण


८ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही. मी तरी लिहिते. आता माझ्याकडे आकडे आहेत.

शाळेच्या कपाटातला थर्मामीटर आणला. पाच तारखेला सकाळी सहा वाजता बाहेर शून्याखाली चार, शेडमध्ये शून्याखाली दोन, इंजिनाच्या अंगाला लावून एकवीस. सहा तारखेला चोवीस. आज एकोणतीस. तोटी उघडीच होती, आत पाण्याचा थेंब नाही. डिझेलच्या टाकीत काठी बुडवून खूण केली होती, ती जागची हलली नाही. म्हणजे कुणी इंजिन चालवलेलं नाही. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "ऊन लागलं असेल."

"मिस्त्री, सूर्य सात वाजता उगवतो."

"मग थर्मामीटर फुटका असेल. सरकारी आहे ना?"

तो मी स्वतःच्या काखेत लावून बघितला. बरोबर दाखवतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती मिस्त्रींना सांगितली नाही. मी संध्याकाळी शेडची दोन्ही कवाडं सताड उघडी ठेवते आणि प्रत्येकाला एकेक वीट लावते. का ते तुला सांगायला नको. "आधी दार, मग हँडल." आपण दोघं बोलायला लागलो तेव्हा 'आई', 'बाबा' या शब्दांच्या पाठोपाठ हेच शिकलो असू. सकाळी जाते तेव्हा कवाडं लागलेली असतात. विटा बाजूला, भिंतीशी, एकीवर एक नीट रचलेल्या. आणि बाहेरून कडी.

मला वाटलं, आई. तिला झोप येत नाही, ती पहाटे उठते. थंडीने इंजिन खराब होईल म्हणून शेकोटी वगैरे ठेवून दार लावत असेल, आणि आपण बघतही नाही म्हणून सांगून बसल्यामुळे आता कबूल करायची लाज. परवा अंगणातलं गवत दवाने पांढरंशुभ्र गोठलेलं होतं. मी दारातच थांबून बघितलं. घरापासून शेडपर्यंत एक पाऊल उमटलेलं नव्हतं. माझंच पहिलं पडलं, काच मोडल्यासारखा आवाज झाला.

तरी मी आईला विचारलंच. ती चहा गाळत होती.

"आई, शेडचं दार तू लावतेस?"

"मला वाटलं, तू लावतेस," ती म्हणाली. "रोज पहाटे कडीचा आवाज येतो ना."

मी म्हटलं, वारा असेल.

वारा कडी घालत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.


१५ जानेवारी

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाकिटावर माझं नाव न घालता तुझं ते चिडवायचं 'बॅरिस्टर' लिहिलंस. पोस्टमननं विचारलं, "तुमच्याकडे बॅरिस्टर कोण हो?" मी म्हटलं, "मीच," आणि दार लावून खूप वेळ रडले. आत एवढंच: "आधी दार, मग हँडल. विसरू नकोस."

विसरू नकोस म्हणजे काय, दादा? पहिलं वाक्य आपल्या घरात कुणीही लिहिलं असतं. पण तू विसरू नकोस असं लिहिलंस. हे मी दिवसातून चार वेळा वाचते.

मुलांची ट्रॉली सुरू झाली. अकराच्या अकरा येतात. खाली गवत, अंगावर घोंगड्या आणि तोंडाने अखंड गोंधळ. कालच एक मुलगी विचारत होती, "बाई, आमच्या मामांचा ट्रॅक्टर आठ वाजेपर्यंत रडतो. तुमचा एकदम कसा काय उठतो?" मी म्हटलं, लाडावलेला नाही म्हणून. सगळी हसली. खरं म्हणजे आता एका हातात उठतो. मिस्त्रींची गरज उरली नाही, बोळ्याचीही नाही. खटक्याला दोरी बांधली आहे, एका हाताने हँडल मारते, दुसऱ्याने दोरी सोडते. सकाळी इंजिन छत्तीस असतं. माणसाच्या अंगाएवढं.

कालपासून क्रेट पण आहे. बाबा इंजिन सुरू झालं की ज्या लाकडी क्रेटवर बसायचे तो. इंजिन गरम होईपर्यंत पंधरा मिनिटं ते तिथे बसून हात शेकायचे, डुलकीही काढायचे. आईने तो माळ्यावर टाकला होता. काल तो इंजिनाशेजारी पालथा घातलेला होता, त्यांच्या जागी. माळ्यावर त्याच्या आकाराएवढी जागा धुळीत उघडी पडली आहे. मी शिडी लावून बघितलं.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. तुला कदाचित माहीत नसेल. त्या वर्षी मी सुट्टीत आले होते आणि बाबांना वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावलं होतं. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेने डिझेल पेटतं. मग आत जाणारी हवाच बर्फासारखी असेल तर इंजिन उठणार कसं? धूर जावा म्हणून तुम्ही आधीच दार उघडं टाकता आणि मग तासभर हँडल मारता. सुरू होईपर्यंत दार लावा. बाबांनी चित्र बराच वेळ बघितलं. मग मिस्त्रींना बोलावून दाखवलं, "बघ, तीस वर्षं आपण गाढवासारखे हँडल मारत बसलो. पोरीने एका पानात सांगितलं." ते पान त्यांनी शेडच्या भिंतीला खिळ्याने लावलं होतं.

तेव्हापासून ते दार लावून सुरू करायचे आणि सुरू झालं की उघडायचे. नियम उलटा मी केला.

एवढंच सांगायचं होतं.


२२ जानेवारी

दादा,

एवढंच नव्हतं.

काल सकाळी मी दोन्ही कवाडं उघडली, विटा लावल्या, आत गेले. इंजिन पहिल्याच फेऱ्याला उठलं. मी तेल बघायला वाकले आणि माझ्या पाठीमागचा उजेड गेला. कवाडं लागली होती. जोरात नाही, आपटून नाही. कुणी झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावतं तशी. मग बाहेरून कडी पडली.

मी ढकललं, ओरडले. ट्रॅक्टरच्या खडखडीत माझाच आवाज मला ऐकू येईना. धूर खाली बसायला लागला. तू म्हणशील, आधी इंजिन बंद करायचं. मला तेवढंही पटकन सुचलं नाही, दादा. डोळ्यांतून पाणी, घशात काटे, आणि अंगात एक जडपणा येतो, बसून घ्यावं असा. मी क्रेटवर बसले. तिथून हात लांब केला तेव्हा बंद करायची तार हाताला लागली, ती ओढली.

इंजिन थांबलं. ठोकणं थांबलं नाही.

ठक, ठक, ठक. दारावर. आतल्या बाजूने, छातीच्या उंचीवर. मी दारापासून चार हातांवर बसले होते आणि दारापाशी कुणी नव्हतं. खालच्या फटीतून उजेडाची सरळ रेघ येत होती, ती कुठेही तुटलेली नव्हती. आवाज घाईचा नव्हता. मूठ दुखायला लागल्यावर माणूस ठोकतो तसा होता, थोडा थांबून, मग पुन्हा.

मग आईने कडी काढली. चार वर्षांनी ती शेडच्या दारात उभी होती. मला बाहेर ओढलं, पाठीवर थापा मारल्या. म्हणाली, "इंजिन बंद झालं तरी तू ठोकत होतीस, म्हणून धावत आले."

मी ठोकत नव्हते. मी तिला ते सांगितलं नाही. पण तुला सगळं सांगायचं ठरवून बसले आहे, तर ऐक.

त्या दिवशी सकाळी मी बाबांसाठी चहा घेऊन शेडमध्ये गेले. आदल्या संध्याकाळी तुमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे खटारं भंगारात काढा म्हणून. त्या पहाटेच तू पिशवी घेऊन निघून गेला होतास. जाताना शेडपाशी थांबलास, तेच दूधवाल्याने बघितलं. तू गेलास तेव्हा दार उघडं होतं, हे मला माहीत आहे, कारण मी त्यानंतर गेले. बाबा हँडल मारत होते. वारा होता, एक कवाड सारखं आपटत होतं, बोळा विझत होता. ते म्हणाले, "जरा दार लावून घे गं, तुझ्या शास्त्राप्रमाणे." आणि हसले. मी दार लावलं. वाऱ्याने ते पुन्हा उघडलं. मग मी बाहेरून कडी घातली. पाच मिनिटांत येऊन काढीन, असं म्हणून. मोठ्याने म्हणाले की मनात, ते मला आता सांगता येत नाही.

तीन दिवसांवर परीक्षा होती. मी खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. इंजिन सुरू झाल्याचं ऐकलं. थोड्या वेळाने ठोकल्याचंही ऐकलं. मी ऐकलं, दादा. मला वाटलं, थंड डिझेल ठोकतंच. गरम झालं की आवाज बसतो.

आवाज बसला. मी पान उलटलं.

तासाभराने आईने कडी काढली. बाहेरून कडी होती, आदल्या दिवशी भांडण झालं होतं, दूधवाल्याने तुला बघितलं होतं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. तू बसस्टँडवरून परत आलास, आणि सगळ्यांसमोर आई तुला म्हणाली, "पुन्हा या घराचा उंबरा ओलांडू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. मी चपलांकडे बघत होते. त्या क्षणी तुला कळलं, हो ना? तू कडी घातली नव्हतीस, बाबा आतून घालू शकत नव्हते, आईने काढली होती. घरात चौथं माणूस एकच होतं. आणि तू काही बोलला नाहीस. मी परीक्षेला बसले, पहिली आले, पेढे कुणी वाटले नाहीत एवढंच.

मी वर्गात मुलांना सांगते, खरं बोलायला धीर लागत नाही, फक्त सवय लागते. कुठल्या तोंडाने सांगते कोण जाणे.

काल मला कळलं की ते इंजिन कुणी गरम करत नव्हतं. ते थंडच पडलेलं नाही. गरम झालं की दार उघडायचं असतं, आणि ते अजून कुणी उघडलेलं नाही.


३० जानेवारी

दादा,

आठ दिवस लिहिलं नाही, कारण यावेळी आधी करायचं आणि मग लिहायचं असं ठरवलं होतं.

तेवीस तारखेला आईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं, ठोकण्यासकट. तिचा हात ताटात तसाच राहिला. म्हणाली, "तू आवाज ऐकलास."

"हो."

"आणि मी त्याला उंबरा ओलांडू नको म्हटलं."

तेवढंच. नंतर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवते आणि वळते. तिने बोलावं असं मी म्हणणार नाही.

चोवीसला दूधवाल्याला गाठलं, ऐन गर्दीच्या वेळी, सगळे भांडी घेऊन उभे असताना. म्हटलं, "काका, तुम्ही माझ्या भावाला शेडपाशी बघितलं ते खरं. पण त्याच्यामागून मी गेले, ते तुम्ही बघितलं नाहीत. कडी मी घातली." त्यांनी माप दुधात तसंच सोडलं. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, आता कशाला उकरून काढतेस?" मी म्हटलं, "पुरलेलं नव्हतंच, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं."

मग पोलीस चौकीत. तिथले साहेब म्हणाले, "बाई, अपघात म्हणून नोंद आहे. फाईल बंद आहे."

"नोंद अपुरी आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शिक्षिका आहात ना?" म्हणाले, आणि कागद पुढे सरकवला. चार पानं लिहिली. नक्कल सोबत आहे. हेडमास्तरांनाही एक दिली. ते म्हणाले, वर कळवावं लागेल, काय होईल सांगता येत नाही. म्हटलं, कळवा. पण ट्रॉली चालू राहील, ती शाळेची नाही.

काल संध्याकाळी मिस्त्री आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "सगळं ऐकलं. मी तुला मलमपट्टी करायला आलेलो नाही. काय खोलायचं आहे ते सांग." आम्ही शेडची दोन्ही कवाडं बिजागऱ्यांपासून काढली. एक स्क्रू गंजून बसला होता. मिस्त्री शिव्या घालून दमले, शेवटी मी छिन्नीने तोडला. कवाडांच्या फळ्या ट्रॉलीत ठोकल्या. मुलांना बसायला बाकं झाली. भिंतीवरचं ते पान खिळ्यासकट काढलं, मी ठेवून घेतलं आहे.

मिस्त्री जाताना म्हणाले, "तो आला तर त्याला सांग, माझ्याकडे दहा एमएमचा पाना राहिलाय त्याचा." मी म्हटलं, तो येईलच असं मी लिहिणार नाही. त्याचा हक्क आहे न येण्याचा.

आज सकाळी शेडकडे गेले. गवत पांढरं होतं. थर्मामीटर लावला. इंजिन शून्याखाली तीन. हात लावला तर कातडी लोखंडाला चिकटली. दादा, मी तिथे उभी राहून हसले आणि रडले. मग पाणी उकळून आणलं, बोळा पेटवला, हँडल मारायला लागले. दहा, पंधरा, वीस. खटक्याची दोरी थंडीने कडक झाली होती, ऐनवेळी सुटत नव्हती. खांदा निखळायची वेळ आली.

बाजूने हात आला आणि त्याने खटका धरला. आई होती. पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला, नजर इंजिनावर, माझ्याकडे नाही.

"मार," ती म्हणाली.

एक्केचाळिसाव्याला उठलं. पांढरा धूर सरळ बाहेर गेला, अंगण ओलांडून, रस्त्यावर. थोडा वेळ ठोकलं. आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. मग गरम झालं आणि आवाज बसला.

या पाकिटात काहीतरी जड लागेल तुला. ती कडी आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव, माझ्याकडे ती राहायला नको होती आणि तुझ्यावर तर कधीच नको होती. आईने उंबऱ्याचं काही सांगितलेलं नाही. पण पाकीट चिकटवताना तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिला. बघशीलच.

शेडला आता दार नाही. ते काढलं, आणि मगच हँडल मारलं.

बॅरिस्टर